तो मेसेज वाचून रोल कलर लॅबमध्ये टाकू नका

फिल्मवर फोटो काढणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मेसेज फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: “केंटमिअर पॅन २०० ही नवी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म म्हणजे जुनाच माल नव्या डब्यात. फक्त ३५ मिमीमध्ये येते, १२० (मोठ्या आकाराचा रोल) वाल्यांनी विसरा. मुंबईच्या उकाड्यात घरी डेव्हलप करायच्या भानगडीत पडू नका, सरळ कलर लॅबला द्या. करायचीच असेल तर लाल दिव्यात टँक (फिल्म धुण्याचा बंद डबा) भरा. शेवटचा लॉट आहे, मिळतील तितके रोल घेऊन ठेवा.”

यातल्या कलर लॅबच्या सल्ल्याने लोकांचे रोल अक्षरशः कोरे होतील, म्हणून आधी तोच घेतो.

कलर निगेटिव्हची प्रक्रिया म्हणजे सी-४१. त्यात डेव्हलपर चांदीची प्रतिमा तयार करतो आणि त्याच वेळी फिल्ममधल्या कपलरपासून (रंग घडवणाऱ्या रसायनापासून) रंगद्रव्य तयार होतं. पुढच्या ब्लीच आणि फिक्सरमध्ये सगळी चांदी काढून टाकली जाते, उरतं ते रंगद्रव्य. साध्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्ममध्ये कपलर नसतातच. तिथे प्रतिमा म्हणजेच चांदी. ती ब्लीचमध्ये गेली की तुमच्या हाती येते पारदर्शक पट्टी, आणि त्यावर कुठलाही इलाज नाही. लॅबवाल्याचा यात काही दोष नसतो, त्याचं मशीन त्याला सांगितलेलं काम चोख करतं. शहाणा लॅबवाला असा रोल हातातच घेत नाही.

हा समज आला कुठून, याचा अंदाज बांधता येतो. इलफर्डची एक्सपी२ सुपर ही ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१ मध्येच धुतात, कारण तिची प्रतिमा रंगद्रव्याची असते. कोडॅकची बीडब्ल्यू ४०० सीएन तशीच होती, ती २०१४ मध्ये बंद झाली. ते रोल लोक कोपऱ्यावरच्या कलर लॅबमध्ये टाकायचे आणि संध्याकाळी घेऊन जायचे. केंटमिअर त्या जातीची नाही. रोल टाकण्यापूर्वी डब्यावर सी-४१ लिहिलंय का तेवढं बघा. नसेल, तर घरी धुवा किंवा ब्लॅक अँड व्हाइट हाताने धुणारा माणूस गाठा.

आता उकाडा. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असतं आणि फिल्मच्या तक्त्यांत वेळ दिलेली असते २० अंशांची. अडचण खरी आहे, पण तिच्यावर ‘घरी करूच नका’ हे उत्तर नव्हे. याच शहरात १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली, तेव्हा कुणाकडे फ्रिज होता? पुढे कोडॅकने उष्ण प्रदेशांसाठी डीके-१५ नावाचा डेव्हलपर दिला. त्यात सोडियम सल्फेट घालत, म्हणजे जिलेटिन फार फुगत नाही. आजच्या फिल्मचं इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा जिलेटिनचा थर, कारखान्यातच पुरेसं कठीण केलेलं असतं, त्यामुळे इतकी उठाठेव लागत नाही.

२० अंशांचा हट्ट सोडा, २४ वर काम करा. वेळ साधारण तीस टक्क्यांनी कमी होते. उदाहरणच द्यायचं तर इलफर्डच्या एचपी५ प्लस फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) मिश्रणात २० अंशांना १३ मिनिटं लागतात, २४ ला सुमारे ९. केंटमिअरची वेळ मात्र तिच्या स्वतःच्या तक्त्यातूनच घ्या, एचपी५ ची उसनी नको. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर आकाशात पट्टे उठतात. खाली जात असेल तर डेव्हलपर जास्त पातळ करा. फ्रिजमधल्या बाटलीचं पाणी नळाच्या पाण्यात मिसळलं की २४ सहज मिळतं, आणि टँक त्याच तापमानाच्या पाण्याच्या बादलीत ठेवला की टिकतं. लोक चुकतात ते पुढे: डेव्हलपर थंड, हायपो (म्हणजे फिक्सर) कोमट आणि शेवटी धुलाई थेट नळाखाली. अशा झटक्यांनी इमल्शनला बारीक सुरकुत्या पडू शकतात. सगळी पाणी एका तापमानाला आणा.

डेव्हलपरचा तयार डबा मिळाला नाही म्हणूनही अडत नाही. डी-७६ चं सूत्र जवळजवळ शंभर वर्षं सगळ्यांसमोर आहे: एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. याच क्रमाने विरघळवा, फक्त सल्फाइटची एक चिमूट मेटॉलच्या आधी. रसायनांसाठी प्रिन्सेस स्ट्रीटला चक्कर मारा. हातमोजे घाला, मेटॉलने अनेकांच्या त्वचेला त्रास होतो.

लाल दिव्याचं एका ओळीत: ही पॅनक्रोमॅटिक फिल्म आहे, तिला लाल प्रकाश दिसतो. लाल दिवा प्रिंटच्या कागदासाठी आणि इलफर्ड ऑर्थो प्लससारख्या फिल्मसाठी. टँक भरायचा तो पूर्ण काळोखात. (चेंजिंग बॅगमध्ये मुंबईकराचे हात दोन मिनिटांत घामेजतात आणि फिल्म प्लॅस्टिकच्या रीलमध्ये अडकते. रात्री दिवे बंद करून बाथरूममध्ये भरलेलं बरं.)

फक्त ३५ मिमी? ही जुनी माहिती नव्या फिल्मला चिकटवली आहे. केंटमिअर १०० आणि ४०० या २००९ मध्ये आल्या तेव्हा खरंच ३५ मिमीपुरत्या होत्या, १२० मध्ये यायला २०२२ उजाडलं. पॅन २०० मात्र २०२५ मध्ये ३५ मिमी आणि १२० अशा दोन्ही आकारांत बाजारात आली. शीट फिल्म, म्हणजे मोठ्या कॅमेऱ्यांची सुटी पानं, नाही, हे कबूल. चार बाय पाच इंची शीट वापरणाऱ्यांनी एचपी५, एफपी४ किंवा फोमापानकडे वळावं.

‘जुनाच माल’ या आरोपाला मात्र मी हसणार नाही, कारण फिल्मच्या धंद्यात असं चालतं. सिनेस्टिलची बीडब्ल्यूएक्सएक्स म्हणजे कोडॅकची डबल-एक्स ही सिनेमाची फिल्म, छोट्या डब्यांत भरलेली. फुजीची ॲक्रॉस २ इंग्लंडमध्ये बनते, तसं डब्यावरच छापलेलं असतं. पण असं घडतं म्हणून इथेही घडलं, हे सिद्ध होत नाही. पॅन २०० बनवणारी हारमन कंपनी दुसऱ्याचा माल डब्यात भरणारी नाही, इंग्लंडमधल्या मोबर्ली इथल्या कारखान्यात ती स्वतः इमल्शन बनवते आणि स्वतःच बेसवर चढवते. ही फिल्म तिने नवं इमल्शन म्हणूनच आणली. मेसेजमध्ये उलट पुरावा कुठे आहे? एका निगेटिव्हचाही फोटो नाही.

राहिला शेवटचा लॉट. ही मर्यादित आवृत्ती नाही, केंटमिअरच्या नेहमीच्या मालिकेतली फिल्म आहे. आपल्याकडे आयात माल टप्प्याटप्प्याने येतो, मधे फोर्टातल्या दुकानांत खडखडाट असतो आणि पुन्हा माल येतो. जाण्याआधी फोन करावा. घाबरून वीस रोल घेऊन कपाटात ठेवलेत तर आपल्या उन्हाळ्याने फिल्म न वापरताच धुरकट होईल. लागतील तेवढेच घ्या, बंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा आणि कॅमेऱ्यात भरण्याआधी दोन-तीन तास पाकीट न उघडता बाहेर काढून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात फिल्मवर दव धरेल.