गाणं त्याचं नाही म्हणे!

आज डब्याच्या वेळी ऑफिसात मोबाईलवर अमेरिकन गायक जॉनी कॅश लावला होता. सॅन क्वेंटिन तुरुंगातला, २४ फेब्रुवारी १९६९ चा कार्यक्रम. 'अ बॉय नेम्ड सू'. शेजारचा सहकारी दोन मिनिटं बघून म्हणाला, "गाणं याचं नाहीच ना? त्यात कागद बघून गातोय. मग एवढं काय आहे यात?"

डोकंच फिरलं माझं.

हो, नाही त्याचं. गीतकार शेल सिल्व्हरस्टीनचं आहे. नवं होतं, धड पाठही झालं नव्हतं, म्हणून कागद समोर. बाप पोराचं नाव बाईचं, 'सू', ठेवतो आणि घर सोडून जातो. त्या नावापायी पोरगा जन्मभर मारामाऱ्या करतो आणि शेवटी बाप त्याच्या तावडीत सापडतो. हे कैद्यांसमोर गायचं! ते कसे खिदळतात, आरोळ्या ठोकतात, ते ऐका एकदा.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या गणपतीत एकदाच गायले. जुनं भावगीत. कॅलेंडरच्या पानामागे स्केचपेनने ठळक अक्षरांत लिहून नेलेलं, कारण चष्म्यातूनही नीट दिसायचं नाही. हात थरथरत होता, माईकमधून कागदाची फडफड ऐकू येत होती. मागून कुणीतरी म्हणालं, "बघून काय, कुणीही गाईल." आणि लोक हसले.

कुणीही गाईल? या ना मग पुढे, गा!

१९६८ च्या जानेवारीत फॉलसम तुरुंगात कॅशने शेवटचं गाणं कुणाचं घेतलं? ग्लेन शर्लीचं. दरोड्याच्या गुन्ह्यात तिथेच शिक्षा भोगणारा कैदी. कॅशने आदल्या रात्री टेप ऐकून गाणं बसवलं. शर्लीला पत्ताच नव्हता, आणि तो पहिल्या रांगेत बसलेला. स्वतःची इतकी गाजलेली गाणी असताना शेवटची जागा त्याला दिली. यातही ज्याला काही दिसत नाही, त्याच्याशी काय बोलायचं?

मान्य, नुसती नक्कल मारणारे ढिगाने आहेत. आणि गीतकाराचं नाव लोक विसरतात, तेही खरं. पण कॅशच्या बाबतीत उलटं झालं. गीतकार क्रिस क्रिस्टोफरसन एकेकाळी नॅशव्हिलच्या स्टुडिओत झाडलोट करायचा. १९७० साली रायमन सभागृहात टीव्हीसाठी कॅशने त्याचं 'संडे मॉर्निंग कमिंग डाउन' गायलं. त्यातला नशेचा शब्द चॅनलवाल्यांना बदलून हवा होता. क्रिस्टोफरसन प्रेक्षकांत होता. कॅशने त्याच्याकडे बघत मूळचाच शब्द गायला. दुसऱ्याच्या एका शब्दासाठी चॅनलशी वाकडं घेतलं त्याने!

बाबांचा आवाज दुसऱ्या कडव्यात चिरकला होता. ते थांबले, पाणी प्यायले आणि ती ओळ पहिल्यापासून परत घेतली. तसंच पुढे रेटलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. पण ओळ दुसऱ्याची होती ना.

आज त्या सहकाऱ्याला मी काहीच बोललो नाही. डबा झाकला आणि जागेवर जाऊन बसलो. त्या रात्रीही मागच्या खुर्चीत गप्प बसलो होतो. घरी येताना जिन्यात बाबांनी विचारलं, "बरं झालं का रे?" मी म्हटलं, "हो, ठीक."

ठीक!

त्यांनी कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि कठडा धरून वर चढायला लागले.