अपील? छे, साहेब, शिस्त म्हणजे शिस्त!

सुभेदारसाहेब, अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर झाल्याचं पत्र आलं ना? मग सावधान व्हा, पत्र वाचा आणि गप बसा. उभी नोकरी 'जी साब' म्हणण्यात गेली. 'का?' विचारायला शिकायचं हे वय आहे का बाप्पा?

पत्रातलं कारण तर किती पटण्यासारखं आहे! 'आजार सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेला नाही, त्याची सुरुवात शांतता क्षेत्रात झाली.' बरोबरच आहे. तुम्ही बर्फात चौकी सांभाळत होतात तेव्हा ब्लड प्रेशर शहाण्यासारखं खाली बसलं होतं. मे महिन्यातल्या नागपूरजवळच्या कामठी छावणीच्या उन्हात पोरांची परेड घेताना वर आलं. कामठी म्हणजे शांतता क्षेत्र, सीमेपासून दूरची नेमणूक. उन्हाची तिथल्या कागदात नोंद होत नाही.

सुप्रीम कोर्टाकडे तर अजिबात लक्ष देऊ नका. धरमवीर सिंग नावाच्या जवानाला फिट्स येतात म्हणून 1994 मध्ये घरी पाठवलं होतं. तो गप बसला नाही. 2013 मध्ये कोर्टाने सांगून टाकलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असं धरायचं, पुढे बिघडलेली तब्येत सेवेच्या खात्यावर टाकायची, आणि तसं नाही हे दाखवायचं ओझं सरकारचं. मेडिकल बोर्डाने, म्हणजे सेवेतून सोडताना तपासणाऱ्या लष्करी डॉक्टरांनी, नुसतं 'नाही' लिहून भागत नाही, कारण द्यावं लागतं. पण तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीचं कारण आहे की! आणखी किती पाहिजे?

या बोर्डाचे (रिलीज मेडिकल बोर्ड) कागदही मागू नका. माहितीच्या अधिकारात, तुमचे सेवेचे कागद सांभाळणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करायचा, तर 10 रुपये फी पडते. शिवाय भरतीच्या वेळच्या तपासणीत 'फिट' लिहिलेलं हाती लागलं तर उगाच डोकं फिरायचं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडेही फिरकू नका. तिथे एखादा भला माणूस अर्ज लिहून द्यायचा.

आकडेमोड तर टाळाच. बोर्डाने 30 टक्के अपंगत्व धरलं असेल, तर ते 50 टक्के मानायचं असा नियम आहे. पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही तो लागू असल्याचं 2014 मध्ये राम अवतार खटल्यात ठरलं. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, म्हणजे 50 ला 15 टक्के, दर महिन्याला. कशाला पाहिजेत एवढे पैसे? (21 सप्टेंबर 2023 नंतर बाहेर पडलेल्यांसाठी नियम नवे आहेत. त्यांनी गप बसायचं ते नव्या नियमांनुसार.)

आता मुख्य धडा: वेळ काढणे. पहिल्या अपिलाला सहा महिने, ते फेटाळलं की दुसऱ्याला सहा महिने, मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, आपल्या महाराष्ट्रासाठी मुंबईत. तिथेही अंतिम आदेशापासून सहा महिने. हे सगळे महिने दिवाळी, पोळा, पोरीचं लग्न यांत घालवा. उशीर झाला तरी पेन्शनच्या प्रकरणात न्यायाधिकरण बरेचदा माफ करतं, हे मात्र तुमच्या शिस्तीला घातक आहे. तरी धीर सोडू नका. उशिरा जाणाऱ्याला थकबाकी साधारण अर्जाच्या मागच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणजे त्यापुढे बसून काढलेलं प्रत्येक वर्ष थेट सरकारी तिजोरीत जमा. सीमेवर नाही, पण ओट्यावर बसून देशसेवा!

आणि चुकून जिंकलातच, तर सरकार हायकोर्टात जाऊ शकतं. त्यांना 'गप बसा' असं कोणी शिकवलेलं नाही.

तुमच्याच कॉलनीत एखादे हवालदार असतील, अपील करून पेन्शन मिळवलेले. संध्याकाळी त्यांच्या घराकडून जाणं टाळा. चहाला बसवतील, आणि चहा संपायच्या आत वकिलाचा नंबर तुमच्या मोबाइलात टाकून देतील.