डिस्टॉर्शन चुका झाकत नाही, उलट उघड्या पाडतं

डिस्टॉर्शन म्हणजे इलेक्ट्रिक गिटारसारख्या वाद्याचा आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं. त्याबद्दल एक मत सर्रास पुढे पाठवलं जातं: तो निव्वळ बिघडलेला आवाज आहे, वादक त्याआड चुका लपवतात आणि दर्जेदार ध्वनिमुद्रणात त्याला थारा नसतो. यातलं फारच थोडं खरं आहे.

सुरुवात काही वेळा बिघाडातून झाली, हे मान्य. अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत कन्सोलमधल्या (ध्वनिमुद्रणाच्या नियंत्रण-यंत्रातल्या) दोषामुळे वादक ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा सोलो फाटक्या आवाजात नोंदला गेला. पण तंत्रज्ञ ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज हवा तेव्हा काढता येईल असं सर्किट तयार केलं आणि १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ म्हणून बाजारात आलं. इथे बिघाड संपतो, निवड सुरू होते. डिस्टॉर्शन म्हणजे ध्वनिलहरीची टोकं छाटणं. २०० हर्ट्झची साइन लहर (एकाच कंपनसंख्येची साधी लहर) वरून-खालून सारखी छाटली, की ६००, १०००, १४०० हर्ट्झचे हार्मोनिक्स, म्हणजे वरचे उपस्वर, उमटतात. एकाच बाजूने जास्त छाटली तर ४००, ८०० सुद्धा. हा गोंगाट नव्हे, मूळ स्वराच्या नेमक्या पटी आहेत.

चुका झाकण्याचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. स्ट्रोकमधला लहान-मोठेपणा डिस्टॉर्शनमुळे सपाट होतो, एवढं खरं. पण त्याच कारणाने बारीकसारीक आवाजही वर येतात: बोट सरकल्याची खरखर, न दाबलेल्या शेजारच्या तारेची गुणगुण. म्हणून दोन्ही हातांनी तारा गप्प ठेवणं शिकावंच लागतं. शिवाय दोन स्वर एकत्र गेले, की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर जन्मतात. २०० आणि ३०० हर्ट्झमधून १०० निघतो, म्हणजे खालच्या स्वराच्या बरोबर एक सप्तक खाली. पॉवर कॉर्ड (षड्ज-पंचमासारखी दोन स्वरांची जोडी) भरदार वाटते ती यामुळे. गिटारवर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे २०० सोबतचा शुद्ध गंधार सुमारे २५२ वर येतो. फरक ५२, सुरात बसायला ५० हवा होता. स्वच्छ आवाजात खपून जाणारी ही तफावत इथे कानाला बोचते.

ध्वनिमुद्रणाचं म्हणाल, तर आवाज आत घेताना डिजिटल क्लिपिंग (पातळी मर्यादेबाहेर जाऊन लहर छाटली जाणं) टाळायलाच हवं. तिथे छाटलेली लहर जशीच्या तशी परत मिळत नाही. मिक्सिंगची, म्हणजे नोंदलेले आवाज नंतर एकत्र जुळवण्याची, गोष्ट वेगळी. मोबाइलच्या स्पीकरमधून ६० हर्ट्झचा बास जवळजवळ येतच नाही. त्यावर हलकं डिस्टॉर्शन दिलं, की १२०, १८०, २४० ऐकू येतात आणि मेंदू खालचा ६० स्वतःच भरून घेतो.