पाच मेच्या आत

आमच्या घराण्यात मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी एक अफवा आहे. मी सांगलीत एका पतसंस्थेत कारकून. 2009 साली काकांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढला आणि तो न फाटता सबंध बाहेर आला, एवढंच माझं शिक्षण. तेव्हापासून चुलत, मावस, आते अशा सगळ्या घरांतली बिघडलेली यंत्रं माझ्या नावावर चढलेली आहेत.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या एप्रिलात, मिरजेहून काकांचा फोन आला.

“पेपरात वाचलंस? स्काइप बंद होतंय. पाच मेला.”

“हो काका, वाचलं.”

“मग त्याच्या आत आपलं चालू करून दे.”

पाडायला काढलेल्या वाड्याला आतून रंग काढून हवा होता. पण काकांना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. शिवाय काका पडले मिरजेचे. ज्या गावात वाळक्या भोपळ्यातून सतारीचा सूर काढतात, तिथल्या माणसाला कुठलीच वस्तू मेलेली वाटत नाही.

‘आपलं’ म्हणजे 2006 साली जुळवून आणलेला कॉम्प्युटर. आत विंडोज एक्सपी, 512 एमबी रॅम, आणि बाहेर काकूंनी क्रोशाने विणलेलं झाकण. ताई, म्हणजे काकांची मुलगी बेबी, 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला गेली, जाताना तिने यावर स्काइप, म्हणजे इंटरनेटवरून एकमेकांना बघत बोलायची सोय, घालून दिलं. मग बारा-एक वर्षं दर रविवारी सकाळी नऊला, तिकडे दीड वाजता, काका कॉम्प्युटरसमोर बसायचे. वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, कारण कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. बुडबुडे फुटल्यासारखी ती स्काइपची रिंग वाजली की काकू गॅस बंद करून पदराला हात पुसत यायच्या. पुढे एक दिवस स्काइपनं आत घेणं बंद केलं. काकांनी झाकण घातलं आणि ‘लाइनला प्रॉब्लेम असेल’ म्हणून सहा-सात वर्षं वाट बघितली.

“मोबाइलवर बोलता की रोज,” मी म्हटलं.

“ते काय बोलणं? बेबीनं परवा मंडईतून फोन लावला. सगळा वेळ मी दुधी भोपळ्याशी बोललो.”

शनिवारी दुपारी मिरजेत पोचलो. उन्हाचा तडाखा असा की पंखा गरम वारा वाढत होता. बटण दाबलं. यूपीएसनं आक्रोश केला, डब्यातला पंखा पीठगिरणीसारखा सुरू झाला, आणि चार मिनिटांनी पडद्यावर एक्सपीची ती हिरवी टेकडी उगवली. ते चित्र कास पठाराकडचं आहे अशी काकांची समजूत. प्रत्यक्षात तो फोटो चार्ल्स ओरिअर नावाच्या छायाचित्रकाराने 1996 मध्ये कॅलिफोर्नियात, सोनोमा परगण्यात काढला. हे मी सांगितलं. काकांनी फक्त “असेल, तिकडेही टेकड्या असतील” एवढंच म्हटलं.

कोपऱ्यातली तारीख होती 1 जानेवारी 2002.

हे वाटतं तेवढं निरुपद्रवी नाही. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो. आणि इंटरनेटवरची जवळजवळ प्रत्येक साइट ओळख म्हणून एक प्रमाणपत्र दाखवते, त्यावर ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैध’ असं लिहिलेलं असतं. 2002 मध्ये बसलेल्या कॉम्प्युटरला 2025 चं प्रमाणपत्र दाखवलं, तर तो म्हणणार, हे अजून जन्मलंच नाही. त्याचं काही चूक नाही. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सीआर2032 सेल आणला. डबा उघडला तर आत एवढी धूळ, की काकूंनी खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि शेवटी ते पोत्यात भरलं.

तारीख लागली. तरी एकही साइट उघडेना. कारण दोन यंत्रं बोलू लागण्याआधी त्यांचे नमस्कार-चमत्कार होतात, कुठल्या सांकेतिक भाषेत बोलायचं ते ठरतं. एक्सपीतल्या ब्राउझरला जी भाषा येते ती आता कुणी बोलत नाही, आणि जी बोलतात ती त्याला शिकवली नाही. त्याची शिकवणी, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणाऱ्या सुधारणा, 8 एप्रिल 2014 रोजीच अधिकृतपणे संपली. म्हणजे आमचं यंत्र लग्नाच्या पंगतीत ऐकू न येणाऱ्या आजोबांसारखं सगळ्यांकडे बघून मान हलवत होतं.

मग मी हुशारी केली. माझ्या लॅपटॉपवर नवीन स्काइप उतरवून घेतलं, पेन ड्राइव्हवर घातलं, पुढचं भोक मेलेलं निघालं म्हणून टेबलाखाली शिरून मागच्या भोकात खुपसलं आणि डबल क्लिक केलं. उत्तर आलं: ही फाइल वैध विन32 ॲप्लिकेशन नाही.

“काय म्हणतोय?” वरून काका.

“वैध नाही म्हणतोय.”

“झेरॉक्स जोडायची असेल.” पस्तीस वर्षं एसटीच्या हिशेब खात्यात काढलेल्या माणसाला अवैध अर्जाचं दुसरं कारण सुचत नाही.

काकूंनी कपाटातून एक सीडी काढली. ताईच्या अक्षरात वर लिहिलेलं, ‘स्काइप. बाबांसाठी. कुणी हात लावू नये.’ मी हात लावला. त्यातलं स्काइप मात्र आईच्या घरी आल्यासारखं एक्सपीवर झटकन बसलं. निळा ढग उघडला, काका टाळी वाजवणार एवढ्यात लॉगिनच्या जागी नुसता पांढरा चौकोन आला. जुन्या मंडळींत त्यावर एक उतारा चालायचा. शॉर्टकटच्या शेवटी तिरकी रेघ मारून ‘लेगसीलॉगिन’ लिहायचं.

“लेगसी म्हणजे वारसा ना?” काका म्हणाले. “मग त्याला तलाठ्याकडे जायला पाहिजे.”

उताऱ्यानं पासवर्ड विचारण्यापर्यंत मजल गेली. पासवर्ड डायरीत होता, पण चोराला कळू नये म्हणून उलटा लिहिलेला. मी चार तऱ्हांनी सुलटा केला. पाचवा बरोबर असावा, कारण यंत्र बराच वेळ विचारात पडलं आणि मग जोडता येत नाही म्हणालं. येणार कुठून? या पिढीच्या स्काइपला दार लावायला 2018 मध्येच सुरुवात झाली होती.

रात्री पिठलं-भात खाताना मी काकांना स्काइपची कुंडली सांगितली, म्हणजे मन वळेल. 2003 च्या ऑगस्टमध्ये ते निघालं, एक स्वीडिश आणि एक डॅनिश असे दोन संस्थापक, प्रोग्राम लिहिणारे एस्टोनियाचे. सुरुवातीला त्याला मधे मोठं एक्स्चेंज नव्हतं, वापरणाऱ्यांचेच कॉम्प्युटर एकमेकांचे कॉल पुढे ढकलायचे.

“म्हणजे आपल्यावरून परक्यांचे फोन जायचे?”

“शक्य आहे.”

“तरीच लाइट बिल!” काकू म्हणाल्या.

2005 मध्ये ईबेनं ते 2.6 अब्ज डॉलरला घेतलं, 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टनं 8.5 अब्जाला. हे ऐकून काकांचा घास थांबला. “सहा वर्षांत तिप्पट! आणि बंद करतात? पोस्टात ठेवायचं असतं.”

रविवारी सकाळी साडेआठला बघतो तर काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत. मी हात टेकले. लॅपटॉप उघडला, त्या जुन्या मॉनिटरच्या पुढ्यात ठेवला, त्यावर तो काल उतरवलेला नवा स्काइप चालवला आणि पाचवा पासवर्ड टाकला. उघडलं! फोन नंबरांच्या जुन्या वहीसारखी यादी आली. ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका नव्हता. तिनं काही वर्षांत इथे पाऊल ठेवलेलं दिसत नव्हतं. इतर नावं अशीच विझलेली. दोघं तर माझ्या माहितीप्रमाणे वारलेले.

“ती बाई आहे का बघ,” काका हळूच म्हणाले.

“कुठली?”

“इको मॅडम.”

स्काइपमध्ये आवाज तपासायला एक नंबर असायचा. तो लावला की एक बाई इंग्रजीत अदबीनं स्वागत करायची, बीपनंतर बोला म्हणायची, आणि दहा सेकंदांत जे बोलाल ते तुम्हाला परत ऐकवायची. ताई कामात असली, उचलत नसली, की काका इतकी वर्षं या बाईला लावायचे, हे मला त्या दिवशी कळलं. काकूंना माहीत होतं. त्या म्हणाल्या, “फार गोड बोलते. मधे तोडत नाही.”

यादीत ती होती. काकांनी रुमालानं मॉनिटरवरचा वेबकॅम पुसला. तो कशालाच जोडलेला नव्हता, पण मी बोललो नाही. कॉल लावला. बुडबुडे फुटले. काकू आतून गॅस बंद करून आल्या.

बाईचं स्वागत झालं. बीप.

काका खाकरले. “मॅडम, नमस्कार. मिरजेहून बोलतोय. पाच तारखेला तुमचं बंद होतंय असं पेपरात आलंय. इतकी वर्षं चांगली सर्व्हिस दिलीत. तब्येतीला जपा.”

बीप. आणि त्या लॅपटॉपमधून काकांचाच आवाज, जरा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, काकांना म्हणाला, “मॅडम, नमस्कार. मिरजेहून बोलतोय...” काका शेवटपर्यंत मान डोलावत ऐकत होते. ‘तब्येतीला जपा’ आल्यावर म्हणाले, “होय, होय. गोळ्या चालू आहेत.”

तेवढ्यात काकूंचा मोबाइल वाजला. ब्रिस्बेनहून ताई, व्हॉट्सॲपवर, व्हिडिओसकट. काकूंनी तो काकांच्या तोंडापुढे धरला.

काकांनी हातानंच तो बाजूला केला. “तिला थांब म्हणावं. दुसऱ्या लाइनवर आहे.”