तारीख नाही?

परवा नाशिकला बायकोच्या मावसबहिणीच्या लग्नात माझ्या घड्याळाचा जाहीर पंचनामा झाला. अजून डोकं तापलेलंच आहे, म्हणून लिहून टाकतो.

मुहूर्त १२ वाजून ३४ मिनिटांचा. गुरुजींनी विचारलं, "बरोबर वेळ कोणाकडे आहे?" असे प्रसंग वारंवार येत नाहीत. मी बाही सारून मनगट पुढे केलं. ते मध्येच एका हाताने पकडलं. बायकोचे लांबचे काका. एसटीच्या डेपोतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले.

"बघू, जावईबापू. तारीख कुठंय?"

"यात तारीख नसते."

"वार?"

"नाही."

"सेल किती दिवस जातो?"

"सेल नाही काका. चावी द्यायची. रोज."

"रोज?" त्यांनी माझ्या बायकोकडे बघितलं. त्या नजरेत सांत्वन होतं. "मग हे करतं काय?"

ओमेगा स्पीडमास्टर बाळगणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलं असतं. आवाज जरा खाली आणून मी म्हणालो, "काका, हे १९६९ साली चंद्रावर जाऊन आलंय."

"हेच?"

"हे म्हणजे, या जातीचं."

"आम्हाला चांदवडला जायचंय."

आजूबाजूच्या खुर्च्या आमच्याकडे वळायला लागल्या होत्या.

"आर्मस्ट्राँगच्या हातात होतं का?"

आता इथे खोटं बोलता आलं असतं. पण घड्याळवेड्यांना तपशिलाची खोड असते. "आल्ड्रिनच्या. यानातलं घड्याळ बिघडलं होतं, म्हणून आर्मस्ट्राँगने आपलं यानातच ठेवलं."

"म्हणजे पहिला माणूस घड्याळ गाडीत ठेवून उतरला." काकांनी मान डोलावली. "शहाणा माणूस. बरं, पुढे जातं का मागे?"

"दिवसाला पाचेक सेकंद पुढे."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "महिन्याला अडीच मिनिटं! आमच्या डेपोत असतं तर मेमो काढला असता." आणि त्यांनी आपलं मनगट गुरुजींसमोर धरलं. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू. काळं प्लॅस्टिक, पट्ट्याचं टोक सुटू नये म्हणून रबरबँड. मुहूर्त कॅसिओवर लागला.

राग याचा येतो की म्हातारा बरोबर होता. माझं घड्याळ सेकंदाला सहा ठोके देतं, त्यांच्या कॅसिओतला क्वार्ट्झचा स्फटिक ३२,७६८ वेळा थरथरतो. आणि दैवाचा खेळ बघा, ज्या वर्षी माझ्या घड्याळाची जात चंद्रावर पोचली त्याच वर्षीच्या नाताळात जपानमध्ये सेइको कंपनीचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आलं. त्यापायी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्म्याहून जास्त स्विस घड्याळ-कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. जे कारखाने टिकले त्यांनी मग वेळ विकणं सोडून परंपरा विकायला घेतली, आणि गिऱ्हाईक म्हणून आम्ही सापडलो.

लग्नकार्यात घालायला खरं तर रिव्हर्सो बरं. १९३१ सालचं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून तबकडी फिरवून उलटी करता येईल असं ते बनवलं. काका दिसले की फिरवायचं. समोर नुसता पत्रा.

"केवढ्याला पडलं?"

मागच्याच खुर्चीवर मामेसासरे होते. गेल्या दिवाळीत त्यांनी बोअरवेलसाठी पैसे मागितले तेव्हा मी "सध्या हात जरा तंग आहे" असं सांगितलं होतं. मी म्हणालो, "अडीच हजार."

"गंडवलं तुम्हाला," काका म्हणाले.

गंडवलंच आहे हो, पण ते वेगळ्या दुकानात. हे घड्याळ निदान पैसे मोजल्यावर हातात तरी पडलं. दुसरं एक कित्येक वर्षं मनात भरलंय, नाव घेत नाही. त्यासाठी मुंबईच्या एका गारेगार शोरूममध्ये गेलो. काचेत ते होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या पोराने सांगितलं, ते फक्त बघण्यासाठी आहे. विकायचं? नाव लिहून ठेवतो. किती दिवस? सांगता येत नाही. "सरांनी याआधी आपल्याकडे काही खरेदी केलीय का?" म्हणजे जी घड्याळं कोणी विचारत नाही ती दोन-तीन आधी घ्या, मॅडमना कानातलं घ्या, मग बघू. त्यात २०२५ पासून दहा लाखांवरच्या घड्याळाला दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच वसूल होणारा आयकर, वर घेतो. त्याचं काही नाही, तो विवरणपत्रात वळता होतो. पण स्वतःचे पैसे देण्यासाठी आपली लायकी त्या पोरापुढे सिद्ध करायची? वर त्याने दिलेली कॉफी 'वा, छान' म्हणत प्यायची? मी प्यायलो. नावही लिहून आलो. यात विनोद काहीही नाही.

जेवणात जिलेबी वाढत असताना मामेसासरे शेजारी येऊन बसले. बोअरवेल काढणार, या भीतीने मी मठ्ठ्यात तोंड घातलं.

"जावईबापू, ते अडीच हजारवालं. वैशाखात मुंज आहे आपल्याकडे. चार नग जमतील का?"

मी जिलेबी गिळली. "बघतो."

"पण तारीखवालं बघा. पाचशे जास्त गेले तरी चालतील."