पोळीमागे दोन रुपये

आज दुपारी पोळी-भाजी केंद्रावर रांगेत होतो. पुढच्या गृहस्थांनी दहा पोळ्या मागितल्या. पोळीमागे दोन रुपये वाढलेत म्हटल्यावर त्यांनी काकूंना सगळ्यांदेखत सुनावलं, "तुम्हाला काय, निमित्तच हवं असतं!" काकू "सिलिंडर महागलाय हो" एवढंच म्हणाल्या आणि पोळ्या मोजत राहिल्या. मीही शेपूट घालून गप्प बसलो, म्हणून आता इथं लिहितोय.

माझ्या आईची नारायण पेठेत मेस होती. २०२० च्या मार्चमध्ये स्पर्धा परीक्षेची बहुतेक पोरं गावी पळाली, वरच्या खोल्यांत नऊ जण अडकले. एप्रिलात गुलटेकडीचं मार्केट यार्ड बंद झालं. भाजीचं आईनं निभावलं. मटकी, चवळी, पिठलं, सांडगे. एकदा तर कलिंगडाच्या पांढऱ्या गराची भाजी केली, पोरांनी दुधी समजून खाल्ली. खरी गोची वाण्याकडे झाली. वीस वर्षं महिन्याच्या महिन्याला हिशोब करणारा माणूस म्हणाला, "वहिनी, आता रोख द्यावे लागतील." त्याला वरून रोखीनंच माल मिळत होता, त्याला तरी काय बोलणार? आणि पोरांचे पैसे घरून येतील तेव्हा. त्या आठवड्यात आईच्या पाटल्या गेल्या. विचारलं तर म्हणाली, "लाटताना जड व्हायच्या."

मोठ्यांकडे गोदामं असतात, वर्षाची कंत्राटं असतात. २०२३ च्या जुलैत टोमॅटो भडकला तेव्हा बर्गरच्या एका बड्या साखळीनं बऱ्याच दुकानांत टोमॅटो देणंच थांबवलं, पाटी लावली, विषय संपला. मेसवाल्या बाईनं आमटीत टोमॅटो घातला नाही तर लगेच "चव गेली". २०२२ मध्ये आधी युक्रेनच्या युद्धानं सूर्यफूल तेल अडलं, मग एप्रिलअखेर इंडोनेशियानं पामतेलाची निर्यात थांबवली, आणि इथं शनिवार पेठेतल्या वडापाववाल्याची कढई महागली. त्याच्या फळीवर तेलाचे डबे असतात दोन. साठा कशाचा करणार?

हो, काही जण हात धुऊन घेतात. तेल उतरलं तरी वडा उतरत नाही, हेही खरं. बरं, मान्य.

पण पाऊस पडला म्हणून ॲप जास्तीचे पैसे लावतं तेव्हा आपण मुकाट बटण दाबतो ना? मग आवाज चढतो तो फक्त तव्यासमोर उभ्या असलेल्या बाईवरच का? चीड येते अक्षरशः.

आईनं तेव्हा दर वाढवला नव्हता. आमटी पातळ केली होती. पोरांना कळलं होतं, कुणी बोललं नाही. एक जण तर रोज संध्याकाळी खाली येऊन कांदा चिरून द्यायचा. वाईट चिरायचा, पण यायचा.

मघाशी घरी आल्यावर आईला हे सगळं सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "दोनच वाढवले? मग परवडत नसणार तिला."