वीसचा पट, फाट्यावरची बस आणि ‘भावनिक’ पालक

समूह शाळा, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं एकत्र आणून चालवायची एक मोठी शाळा. हा विषय निघाला की एक फिरता मजकूर हमखास पुढे येतो. शब्द थोडे बदलतात, सांगणं तेच. वीसपेक्षा कमी पटाच्या, म्हणजे वीस मुलंही नसलेल्या शाळा चालवणं म्हणजे सरकारी पैशाची नासाडी. कायद्यातसुद्धा वीसचीच अट आहे. आठ-दहा वाड्यांची मुलं बसने एका मोठ्या, सुसज्ज शाळेत नेली तर भलं त्यांचंच होणार आहे. आणि विरोध करणारे पालक एकतर भावनिक आहेत, नाहीतर बदलीला घाबरलेल्या गुरुजींनी पुढे केलेले. शहरात बसून वाचलं की हे अगदी बिनतोड वाटतं. वाडीवर उभं राहून वाचलं की एकेक टाका उसवत जातो.

आधी मूळ प्रकरण. २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्याच्या शिक्षण आयुक्तांनी जिल्हा परिषदांना पत्र पाठवून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही दोन नावं दिली. राज्यात शून्य ते वीस पटाच्या १४,७८३ शाळा, त्यांत १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक, असा तेव्हाचा सरकारी हिशेब. ओरड झाल्यावर ‘एकही शाळा बंद होणार नाही’ असं सांगितलं गेलं. पण मुलांची नावं दुसऱ्या शाळेच्या हजेरीत गेल्यावर मागे उरलेल्या खोलीला शाळा म्हणायचं की नाही, हे कुणी सांगितलं नाही.

आता नासाडीचा मुद्दा. याच आकड्यांचा भागाकार करू. शाळेमागे सरासरी साडेबारा मुलं आणि दोन शिक्षक. मजकूर लिहिणाऱ्याला इथेच धक्का बसतो, ‘बारा पोरांना दोन मास्तर!’ पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. कारण सरळ आहे. पट कितीही असला तरी इयत्ता चार-पाच असतात. पहिलीचं पोर अक्षरं गिरवत असताना चौथी-पाचवीला अपूर्णांक शिकवायचे असतात. त्यातून एक गुरुजी मतदार यादीच्या कामाला, नाहीतर तालुक्याला बैठकीला गेलेले.

मग बचत नेमकी कशात आहे? हीच सगळी मुलं मोठ्या शाळांत नेऊन तीस मुलांमागे एक शिक्षक धरला, तर साधारण सहा हजार दोनशे शिक्षकांत काम भागतं. ढोबळ हिशेब आहे, सहावी ते आठवीचं प्रमाण वेगळं असतं. तरी तेवीस हजारांच्या आसपास पदं कमी होतात. बचत आहे ती इथे, आणि ती मान्य करून बोलायला हरकत नाही. पण फिरणाऱ्या मजकुरात ‘सुसज्ज प्रयोगशाळा’ असते, ‘मोठं मैदान’ असतं, पदांचा हा आकडा नसतो. सरकारचा कल मात्र लपून राहिलेला नाही. ५ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे ऐन शिक्षक दिनी, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेतल्या दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा शासन निर्णय निघाला. विरोध झाल्यावर त्याच महिन्यात वीसचे दहा झाले.

‘कायद्यातच वीसची अट आहे’ हे अर्धसत्य आहे. मूळ केंद्रीय कायद्यात अशी अट नाही. ती महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांत आहे. पहिली ते पाचवीसाठी चालत एक किलोमीटरच्या आत शाळा असावी आणि तिथे सहा ते अकरा वयाची किमान वीस मुलं असावीत, असं तो नियम म्हणतो. पण तो बोलतो शाळा स्थापन करण्याबद्दल. वीस मुलं भरली तर शाळा काढणं भाग आहे, एवढाच त्याचा अर्थ. पट एकोणीस झाला की असलेली शाळा उचलावी, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. शिवाय तो नियम परिसरात असलेली मुलं मोजतो, हजेरीवरची नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांबरोबर दिवाळीनंतर गाव सोडणारं पोर परिसरातलंच असतं.

आता बस. सगळा डोलारा हिच्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

अंतर नकाशावर मोजलं की सह्याद्रीतल्या दोन वाड्या शेजारी वाटतात. मधे एक ओढा असतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत त्या ओढ्यावरचा साकव शिल्लक आहे की वाहून गेला, यावर त्या दोन वाड्यांमधलं खरं अंतर ठरतं. म्हणूनच पालकांचा पहिला प्रश्न ‘समूह शाळा चांगली आहे का’ असा नसतो. तो असतो, ‘बस वाडीपर्यंत येणार की फाट्यापर्यंत?’ फाटा दीड-दोन किलोमीटरवर असेल, तर पहिलीतल्या पोराला तिथवर सोडायचं कुणी? आई सकाळी रोजावर गेलेली. पाऊस लागला, बस चुकली, तर ते पोर फाट्यावर कुणाच्या भरवशावर उभं राहणार? दुपारी ताप भरला तर घरी निरोप कसा पोचणार, आणि आणायला जायचं ते वडापने, म्हणजे खासगी जीपने, की पायी? जुन्नर भागातले पालक यात बिबट्याही मोजतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. या प्रश्नांत भावना शोधायची तर शोधा. मला त्यांत व्यवहार दिसतो.

बस एकदा सुरू झाली की कायमची, असं धरून चालणाऱ्यांनी २०२१ चा हिवाळा आठवून पाहावा. ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झालेला एसटीचा संप पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या काळात शाळा उघड्या असताना ज्यांची शाळा चालत जाण्याच्या अंतरावर होती ती मुलं शाळेत जाऊ शकत होती, ज्यांची बसवर अवलंबून होती ती अडकली. समग्र शिक्षा योजनेत लांबच्या मुलांना वाहतूक भत्ता आहे, वर्षाला सहा हजारांपर्यंत. पण ज्या वाटेने वडाप जीपच येत नाही, तिथे तो भत्ता द्यायचा कुणाला?

अंतराने काय होतं हे सरकारला चांगलं माहीत आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी खास एसटी गाड्या सोडल्या, त्या शाळा लांब पडली की मुली घरी बसवल्या जातात म्हणूनच. चौदा वर्षांच्या मुलीबाबत जे समजतं, ते सहा वर्षांच्या मुलीबाबत का समजू नये? तोरणमाळचं उदाहरण देणारे तर एक गोष्ट हळूच गाळतात. ती शाळा निवासी आहे. पहिलीतलं पोर वसतिगृहात ठेवायचं की नाही, हा प्रश्न पुण्या-मुंबईतल्या पालकाला विचारून पाहा आणि मग ‘भावनिक’ हा शब्द वापरा.

यावर एक उलट सवाल येतो, आणि तो बिनमहत्त्वाचा नाही. याच गावातले लोक इंग्रजी माध्यमासाठी पोरांना पिवळ्या व्हॅनमध्ये कोंबून दहा-दहा किलोमीटर पाठवतात, तेव्हा अंतर आठवत नाही का? पाठवतात, खरं आहे. पट घसरण्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे स्वतःच्या पैशावर चालणाऱ्या खासगी शाळांच्या कायद्याने ती वाट रुंद करून दिली, तीही सरकारनेच. पण व्हॅनचं भाडं भरणारे पालक आधीच गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत मागे राहिलेली बारा मुलं कुणाची, ते हजेरीपट उघडून बघा: शेतमजूर, धनगर, कातकरी, ठाकर, धरणग्रस्त. ज्यांनी निवड केली त्यांचं उदाहरण, ज्यांना निवडच नव्हती त्यांच्या तोंडावर फेकून काय साधतं?

धरणग्रस्त म्हटलं की इगतपुरी तालुक्यातली दरेवाडी आठवते. भाम धरणाने उठवलेली वस्ती. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिथली शाळा बंद केल्यावर मुलं शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर धडकली. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या’. एकदा धरणासाठी घर सोडलेल्या माणसांना आता शाळाही सोडा म्हटल्यावर त्यांनी पुढे काय होणार ते चार शब्दांत सांगितलं. याला कुणी हट्ट म्हणतं. मला तो अचूक अंदाज वाटतो.

आणि पालकांनी आवाज केल्यावर सरकारं हिशेब पुन्हा मांडतात, हेही दिसलं आहे. उत्तर प्रदेशात जून २०२५ मध्ये पन्नासहून कमी पटाच्या शाळा जोडण्याचा आदेश निघाला. पालक न्यायालयात गेले. आधी याचिका फेटाळली गेली, पण पुढे सीतापूर जिल्ह्यापुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवायला न्यायालयाने सांगितलं. मग सरकारनेच जाहीर केलं की एक किलोमीटरहून लांबच्या शाळा जोडल्या जाणार नाहीत. अंतराचा मुद्दा नुसता भावनिक असता तर मंत्र्यांना ही दुरुस्ती करावी लागली नसती.

मोठ्या शाळेत शिक्षण चांगलं मिळतं, या दाव्यात तथ्य आहे. पाच इयत्तांत एकच शिक्षक असला की शिकवणं पातळ होतं, खेळायला सवंगडी नसतात, गटकार्य होत नाही. हे नाकारून छोट्या शाळांचे उगाच गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण त्यावर शाळा बंद करणं हाच उपाय, हे कुठून आलं? ज्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा दाखला समूह शाळांसाठी दिला जातो, ते २०२० चं धोरण उलटंच सांगतं: एकत्रीकरण फार जपून करावं, आणि मुलांच्या शाळेपर्यंत पोचण्यावर परिणाम होणार नाही याची खात्री असेल तरच. धोरणात समूह शाळा नव्हे, शाळा संकुल आहे. संकुल म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या बाकीच्या शाळा, अंगणवाड्यांसह. शाळा जागेवर राहतात आणि साहित्य, विषयशिक्षक, ग्रंथालय वाटून घेतात. आपल्याकडे आसपासच्या शाळांची मिळून एक केंद्रशाळा आणि त्यांवर देखरेखीला केंद्रप्रमुख, ही व्यवस्था कधीचीच आहे. केंद्रप्रमुखांची रिकामी पदं भरून कला-क्रीडा शिक्षक वाडी-वाडीला फिरवता येतात. फिरायचंच असेल तर पगारी माणसाने फिरावं.

पट कायमचा कमी राहतो, हेही खरं नाही. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत २०२२ च्या सुमारास तीन मुलं उरली होती. दत्तात्रय वारे गुरुजी आले, गाव कामाला लागलं आणि पट शंभराच्या वर गेला. २०२५ मध्ये त्या शाळेला जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. प्रत्येक वाडीला असे गुरुजी मिळणार नाहीत, हे कबूल. पण वीसचा नियम कडकपणे लावला असता तर गुरुजी येईपर्यंत तिथे शाळाच राहिली नसती.

राहता राहिला गुरुजींनी भडकवल्याचा आरोप. शिक्षक संघटनांना आपल्या पदांची काळजी आहे, यात गुपित काय? पण फाट्यापासूनचं अंतर गुरुजींनी वाढवलेलं नाही.

ज्यांच्या वाडीवर असा प्रस्ताव येईल त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीत आणि ग्रामसभेत ठराव करताना ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नये. चालत किती किलोमीटर आणि पावसाळ्यात कोणत्या वाटेने, बस कुठपर्यंत येणार, तिच्यात सोबतीला कोण असणार, खर्च अंदाजपत्रकाच्या कोणत्या शीर्षातून आणि किती वर्षं, बस बंद पडली तर जुनी शाळा पुन्हा उघडणार का, ही उत्तरं गटशिक्षणाधिकाऱ्यांकडून लेखी मागावीत. आणि ती हातात पडेपर्यंत एकाही मुलाचा दाखला हलवू देऊ नये.